पाहुण्याआधी पाणी मोजा

पर्यटनस्थळांचे विकास आराखडे तयार करणारे अधिकारी, अभियंते आणि सल्लागार मंडळी यांस,



आपली-माझी ओळख नाही, पण आपण माझ्या दारावरून कधी ना कधी गेला असाल. बीडहून सोलापूरकडे निघालं की पालीजवळ बिंदुसरेचा तलाव लागतो, मग मांजरसुंब्याचा घाट, आणि वर पठारावर आलं की पुढं चौसाळा. त्यानंतर मांजरा नदी, आणि मग धाराशिव जिल्हा. चौसाळा पाहायला कुणी येत नाही, चौसाळ्यावरून जातात मात्र सगळे. तुळजापूरला जाणारे, येरमाळ्याच्या येडाईला जाणारे, पंढरपूरला जाणारे, दिवाळीच्या सुमाराला संसार ट्रकवर लादून साखर कारखान्यांकडं जाणारे. एकेकाळी विधानसभेचा एक मतदारसंघ आमच्या गावाच्या नावानं होता. २००८ च्या पुनर्रचनेत तोही गेला.

माझं जुन्या रस्त्याला हॉटेल आहे. आपल्या भाषेतलं हॉटेल नव्हे, आमच्या भाषेतलं. चार बाकडी, एक भट्टी, सकाळी पोहे, दुपारून भजी, चहा दिवसभर. रस्ता चौपदरी झाला, गाड्या बाहेरून सुसाट जाऊ लागल्या, तसं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. तक्रार त्याची नाही. रस्ता चांगला झाला, दवाखान्यात नेताना माणूस वाचतो, एवढं मला कळतं. तक्रार दुसरीच आहे.

गेल्या पावसाळ्यात तिघेजण माझ्याकडं चहाला थांबले. दोन बाकडी जोडून त्यांनी त्यावर नकाशा पसरला. तुळजापूर, कपिलधार, नायगाव, सौताडा अशी ठिकाणं निळ्या रेघेनं जोडलेली होती. रेघ चौसाळ्यावरून जात होती आणि तिथं एक लाल गोल होता. मी विचारलं, हा गोल कशाचा? त्यातला एकजण म्हणाला, "काका, इथं पर्यटक थांबणार." मी म्हटलं, थांबून काय करणार? तो म्हणाला, "तेच ठरवायचंय." मुलगा गोड होता, हसून बोलला. नंतर त्यांनी मला विचारलं की आसपास पाहण्यासारखं काय आहे. मी जमेल तेवढं सांगितलं. पाऊण तास ते बसले होते. त्या पाऊण तासात इथं पाणी कुठून येतं, हा प्रश्न तिघांपैकी एकानंही विचारला नाही. मी तांब्या पुढं केला तर त्यांनी पिशवीतून स्वतःच्या बाटल्या काढल्या. त्यात त्यांची चूक नाही, परगावचं पाणी बाधतं. पण त्या दिवसापासून हे पत्र डोक्यात आहे.

राज्याचं २०२४ चं पर्यटन धोरण जाहीर झालं तेव्हा पेपरात वाचलं की दहा वर्षांत १ लाख कोटी रुपयांची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार येणार. त्याआधी २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आलं. त्याच्याही आधी संयुक्त राष्ट्रांनी २०१७ हे वर्ष शाश्वत पर्यटनाला वाहिलं होतं. तेव्हापासून प्रत्येक कागदावर तीन शब्द जोडीनं येतात : आर्थिक, सामाजिक, पर्यावरणीय. कागदावर त्यांचे तीन वेगळे रकाने असतात. माझ्या दारात ते एकाच हंड्यात असतात, म्हणून मी ते वेगळे करून लिहिणार नाही. चुकलं तर समजून घ्या.

आधी पाण्याचंच बोलतो.

टँकरच्या गावात सरकार माणशी दिवसाला २० लिटर पाणी धरतं. जलजीवन मिशनचं ध्येय माणशी ५५ लिटर. आणि हॉटेलसाठी आपल्याच अभियांत्रिकीच्या नियमावलीत खाटेमागे १८० लिटर धरलेले असतात. म्हणजे टँकर चालू असलेल्या गावात एक पाहुणा मुक्कामाला आला की तो नऊ जणांचं पाणी उशाला घेऊन निजतो. तीस खोल्यांचं, साठ खाटांचं निवास बांधलं, ते भरलं, तर दिवसाला १०,८०० लिटर. हे ५४० माणसांचं पाणी झालं. आमच्याकडं याहून लहान वस्त्या आहेत आणि त्यांच्या दारात टँकर एक दिवसाआडही येत नाही. आपण म्हणाल, पर्यटक पावसाळ्यात येतो, टँकर उन्हाळ्यात. खरं आहे. पण इमारत चार महिन्यांसाठी उभी राहत नाही. जो कोणी तिच्यात पैसा घालील तो उन्हाळ्यात तिथं लग्नं लावील, वाढदिवस करील, आणि त्यासाठी बोअर घेईल. बोअर किती खोल जाईल ते आपण बांधकामाच्या परवानगीत लिहिता का? शेजारच्या विहिरीचं काय होईल ते कुणी लिहितं का?

मांजरा पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते आणि आमच्या अंगावरून धनेगावच्या धरणाकडं जाते. २०१६ मध्ये ते धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ती गाडी साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिली. त्याच मांजरेला सप्टेंबर २०२५ मध्ये असा पूर आला की काठची वावरं खरवडून निघाली, माती गेली, खाली मुरूम राहिला. इतक्या टोकाच्या दोन गोष्टी एकाच नदीनं नऊ वर्षांत दाखवल्या. अशा मुलखात पाहुणे बोलवायचे तर पहिलं पान पाण्याच्या ताळेबंदाचं असलं पाहिजे, आणि ते गुळगुळीत कागदावर नसलं तरी चालेल. माझी पहिली मागणी एवढीच आहे : ज्या गावात मागच्या पाच उन्हाळ्यांत टँकर लागला, तिथं मुक्कामाच्या खोल्या मंजूर करण्याआधी ग्रामसभेत पाण्याचा हिशेब वाचून दाखवा. मराठीत, आकड्यांनिशी, आणि बायका हजर असतील अशा वेळी.

जाता जाता एक सुचवतो. बीडजवळ, याच सोलापूर रस्त्याच्या कडेला, खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकातली, निजामशाहीतली. जमिनीखालून खणलेल्या नळांतून तिच्यात पाणी येतं आणि तसंच जमिनीखालून शेतांकडं जातं. मोटार नाही, वीज नाही. मराठवाड्याच्या दुष्काळात तिचं नाव आदरानं घेतात. दाखवायचंच असेल तर पाहुण्याला ती विहीर दाखवा, आणि दाखवायच्या आधी आपण स्वतः तिच्या कठड्यावर तासभर बसा. एखादा काच-पूल बांधण्यापेक्षा स्वस्त पडेल.

आता संडासाचं. हा विषय नाजूक आहे, पण माझ्या हॉटेलात तो रोज येतो.

गाडी थांबते. पुरुष उतरतात, रस्त्याच्या कडेला पाठ करून उभे राहतात. बाया गाडीतच बसून राहतात. मग एखादी म्हातारी किंवा लेकुरवाळी उतरते, माझ्याकडं न येता थेट मागं घराच्या दाराशी जाते आणि आमच्या मंडळींना हळूच विचारते. मंडळी आत नेतात. घरचाच संडास, घरचंच पाणी. एकीनं विचारलं की मागं पाचजणी उतरतात. नवरात्रात तुळजापूरची गर्दी असते तेव्हा दारात ओळ लागते. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. एका उन्हाळ्यात पाणी विकत घ्यायची वेळ आली तेव्हा मंडळी मला म्हणाल्या, "पुण्य तुम्ही लिहून घेताय, हंडा मी उचलतेय." त्या दिवसापासून आम्ही एक डबा ठेवला. ज्याला वाटेल त्यानं दहा रुपये टाकावेत. पहिले दोन दिवस मंडळींना लाज वाटली. तिसऱ्या दिवशी त्या पैशातून फिनेल आलं, महिन्यानं नवं ड्रम आलं. आज तो आमच्या आळीतला सगळ्यात स्वच्छ संडास आहे.

हे सविस्तर सांगतोय ते कौतुक करून घ्यायला नव्हे. एका देवस्थानाजवळ, नाव सांगत नाही, पर्यटनाच्या निधीतून स्वच्छतागृह बांधलं. बाहेरून फरशा, आत चकचकीत भांडी, दारावर कोनशिला. नळजोडणी झाली नव्हती. टाकी होती, ती रिकामी होती. झाडायला माणूस नेमलेला नव्हता, कारण निधी बांधकामाचा होता, पगाराचा नव्हता. उद्घाटनानंतर कुलूप लागलं. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा कुलूप. किल्ली कुणाकडं आहे हे पुजाऱ्याला माहीत नाही, सरपंचाला माहीत नाही, आणि ज्या कार्यालयात मी चौकशीला गेलो तिथं मला सांगितलं की काम पूर्ण झाल्याचा दाखला जोडलेला आहे. दाखला मी पाहिला, त्यावर फोटोही होता. फोटोत दार उघडं आहे.

तेव्हा दुसरी मागणी : बांधकामाच्या रकमेइतकंच लक्ष देखभालीकडं द्या. त्या गावातल्या बचत गटाला ते चालवायला द्या, दहा रुपये घेऊ द्या, पाण्याची सोय लावून द्या, आणि वर्षभर ते चालू राहिलं तरच ठेकेदाराचं शेवटचं बिल काढा. पर्यटनाचा सामाजिक परिणाम मोजायला मोठी प्रश्नावली लागत नाही. गाडीतली बाई खाली उतरते की बसून राहते, एवढं पाहिलं तरी पुरे.

आपण शाश्वत पर्यटन हा शब्द आणलात, पण आम्ही फिरत आधीपासून होतो. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा भरते. मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून दिंड्या पायी येतात. ‘परमरहस्य’ लिहिणाऱ्या या संतानं समाधीसाठी जागा निवडली ती डोंगराच्या कुशीत, धबधब्याच्या शेजारी. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येरमाळ्याला लोक चुनखडी वेचायला जमतात. दिंडी मुक्कामाला आली की गाव जेवू घालतं, शाळेच्या व्हरांड्यात झोपवतं, सकाळी निरोप देतं. भाकरी-ठेचा फडक्यात, जेवण पळसाच्या पत्रावळीवर, आणि पत्रावळ गुरांनी खाल्ली नाही तर उकिरड्यात जायची. जुनं सगळं सोनं होतं असं मी म्हणत नाही. जत्रेत पटकीची साथ यायची, आणि बायांना अंधार पडायची वाट पाहावी लागायची. पण कचरा मागं उरत नसे. आता पत्रावळीची जागा थर्माकोलनं घेतलीय. २०१८ मध्ये राज्यानं थर्माकोलच्या ताटांवर आणि पातळ प्लॅस्टिकवर बंदी घातली. बंदीची पाटी लावलेल्या मांडवातच मी त्या ताटांत महाप्रसाद घेतला आहे.

यावर उपाय म्हणून आपण काय केलंत? कमानी बांधल्या. ओढ्याच्या काठावर पेव्हर ब्लॉक टाकले. ज्या उतारावरून पाणी मुरत मुरत खाली जायचं तिथं काँक्रीट ओतून ‘सेल्फी पॉइंट’ केले. धबधबा आहे तो डोंगरात पाणी मुरतं म्हणून. वरची माती झाकली की पावसात लोंढा आणि पावसानंतर शुकशुकाट. हे सांगायला भूगर्भतज्ज्ञ लागत नाही, गुरं राखणारं पोरगंही सांगेल. तिसरी मागणी म्हणूनच अशी आहे : धबधब्याच्या आणि ओढ्याच्या अंगावर नवं सिमेंट नको. वाहनतळ दूर ठेवा, माणसं चालू द्यात. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी गावातल्या रिक्षा असतील. त्या रिक्षाचे पैसे गावातच राहतील.

पैशाचं आलंच, तर एक हिशेब सांगतो. ऑगस्टमध्ये चार तरुण पोरं पुण्याहून गाडी करून सौताड्याला गेली आणि परत जाताना, आत्याला भेटायचं म्हणून, आमच्या बाजूनं आली. बोलकी होती. मी सहज खर्च विचारला. पेट्रोल, टोल, निघतानाच पुण्यात घेतलेले वेफर्स आणि थंड पेयं, वाटेत एका बड्या हॉटेलात जेवण. पाच हजारांच्या वर गेले होते. धबधब्याच्या गावात त्यांनी काय दिलं? दोन भाजलेली कणसं आणि गाडी लावायचे पैसे. शंभराची एक नोटही मोडली नव्हती. मात्र चिप्सच्या पिशव्या आणि बाटल्या सगळ्या त्याच गावात ठेवून आले होते. मी विचारलं तेव्हा एकजण ओशाळला. पोरं वाईट नव्हती. कचरा टाकायला डबा नव्हता आणि विकत घेण्यासारखं गावात काही नव्हतं.

असं व्हायलाच पाहिजे का? रत्नागिरी जिल्ह्यात वेळास आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं तिथं समुद्री कासवांची अंडी जपायचं काम उभं केलं. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहणारा गावकऱ्यांच्या घरात राहतो, त्यांच्या हातचं जेवतो, पहाटे समुद्राकडं जाणारी पिल्लं पाहतो. मुक्कामाचा आणि जेवणाचा पैसा त्याच घरात जातो, म्हणून कासवही त्या घराचं होतं. साताऱ्याजवळच्या कास पठारावर, ते २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आल्यानंतर, अशी झुंबड उडाली की फुलं तुडवली जाऊ लागली. मग दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आली, शुल्क आलं, आसपासच्या गावांच्या समित्या राखणीला लागल्या. तिथंही सगळं बरोबर झालं असं नाही. कुंपण घातलं, गुरं चरायची थांबली, गवत माजलं, फुलं कमी झाल्याची ओरड झाली, आणि पुढं कुंपण काढावं लागलं. मला ही गोष्ट फार आवडते. चूक झाली आणि ती दुरुस्त केली. आपल्या आराखड्यांत दुरुस्तीचं कलम कुठं असतं?

चौथी मागणी, म्हणून : प्रवेशशुल्क आणि वाहनतळाचं उत्पन्न त्या ग्रामपंचायतीच्या खात्यात थेट जाऊ द्या, ते किती आलं आणि कशावर गेलं हे चावडीवर लिहा, आणि दिवसाला किती माणसं सोडायची हा आकडा ठरवायचा अधिकार गावाला द्या. लिलाव बोलून ठेका बाहेरच्या माणसाला देऊ नका. ठेकेदाराला धबधबा चार महिने हवा असतो, गावाला तो पुढच्या पिढीतही लागतो.

याच्या जोडीला रोजगाराचं. इथं मला आपल्याशी जरा कडक बोलायचं आहे.

आमचा जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळी झाली की कोयता निघतो. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायको जोडीनं जातात, लेकरं आजीपाशी राहतात किंवा फडात जातात, आणि मार्च-एप्रिलपर्यंत अर्धी वस्ती ओस पडते. आता आपल्या आराखड्यात लिहिलेलं असतं की पर्यटनामुळं स्थलांतर थांबेल. साहेब, हे वाक्य खोडा. ज्या घरावर उचलीचं ओझं आहे ते घर कणसं भाजून सुटत नाही. खोटी आशा दाखवली की पुढच्या वेळी खऱ्या योजनेवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

पण एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटली असावी. आमच्या डोंगरातला हंगाम जुलै ते ऑक्टोबर. धबधबे तेव्हा वाहतात, डोंगर हिरवा असतो, मोर नाचतो, आणि शेवटी शेवटी सीताफळ पिकतं. हे चार महिने ऊसतोडीचं माणूस घरी असतं आणि त्याच्या हाताला काम नसतं. पुढच्या हंगामाची उचल बहुतेक याच काळात घेतली जाते, कारण घरात पैसा नसतो. या चार महिन्यांत रोजचा पक्का पगार देणारी कामं, म्हणजे वाट राखणं, दरीच्या कडेला उभं राहून माणसं आवरणं, कचरा गोळा करणं, स्वयंपाक, रिक्षा, गावातल्या घरात पाहुणा ठेवणं, ही त्याच घरांना मिळाली, तर उचल थांबणार नाही, पण एखादे वेळी कमी घेतली जाईल. कमी उचल म्हणजे थोडं लवकर परतणं. लवकर परतणं म्हणजे लेकराची परीक्षा. मला यापलीकडं काही म्हणायचं नाही. १८ लाखांतले दहा-वीस रोजगार असे द्या, आणि कुणाला दिले त्याची यादी लावा. दरवर्षी पेपरात धबधब्यावर तोल जाऊन कुणी गेल्याची बातमी येते. कड्यावर शिट्टी वाजवणारा माणूस पगारावर असता तर काही बातम्या छापाव्याच लागल्या नसत्या.

सीताफळाचं नाव निघालं म्हणून. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. घाटाच्या कडेला बाया पाट्या घेऊन बसतात. उन्हात, डोक्यावर पदर, समोर डोळे उघडलेली फळं. काच खाली होते, आतून हात येतो, फळ दाबून पाहिलं जातं. दाबलेलं फळ संध्याकाळपर्यंत काळं पडतं, ते दुसरा कुणी घेत नाही. भाव पाडून गाडी निघून जाते. या बायांना सावलीचं एक छप्पर, गाडी सुरक्षित थांबेल एवढी जागा आणि गर काढून थंड ठेवायची सोय द्या. पुढं भूम-वाशीकडं खव्याच्या भट्ट्या आहेत, कुंथलगिरीचा खवा नावाजलेला आहे. त्यांचीही विक्री वाढेल. पण भट्टी लाकडावर चालते, मागणी वाढली की डोंगरावरचं झाड आधी जातं, तेव्हा भट्टीला दुसरं इंधन द्या आणि मगच जाहिरात करा. लाल गोलात काय ठेवायचं असा प्रश्न त्या मुलाला पडला होता ना, हे ठेवा. चौसाळ्यात संग्रहालय नको, बोटिंग नको, पुतळा नको.

मोर आणि झाडांबद्दल थोडक्यात. नायगावचं मयूर अभयारण्य १९९४ चं. तिथं पाणवठे भरा, भटकी कुत्री आवरा, आणि गाड्यांवरचे स्पीकर फाट्यावरच बंद करायला लावा. पालवणच्या देवराईत फेब्रुवारी २०२० मध्ये देशातलं पहिलं वृक्षसंमेलन भरलं होतं, वडाचं झाड अध्यक्ष होतं. पेपरांनी पानं भरून लिहिलं. पुढं तिथं वणवे लागले, झाडं जळाली, तेव्हा विझवायला धावले ते आसपासचे लोक. संमेलनाला मांडव घालणं सोपं असतं. मार्चमध्ये जाळरेषा काढायला कोण येतं ते महत्त्वाचं. अभयारण्य आणि देवराई दोन्हीकडं राखणदार वाढवले तर पर्यटनावर केलेला तो खर्च मी पहिल्या नंबरचा मानीन.

अहिल्यानगरहून बीडपर्यंत १७ सप्टेंबर २०२५ ला रेल्वे सुरू झाली. कित्येक पिढ्या आम्ही तिची वाट पाहत होतो. उद्या ती परळीपर्यंत जाईल, पुण्या-मुंबईची माणसं येतील. म्हणजे आपल्याला आणि आम्हाला थोडाच वेळ आहे. गर्दी येण्याआधी नियम करता येतात, आल्यावर फक्त दंड करता येतो, तोही पावतीशिवाय.

मी रागावलो आहे असं वाटलं असेल तर तसं नाही. पाहुणा आमच्याकडं जड होत नाही. तुळजापूरची ज्योत घेऊन रात्री पळत येणारी पोरं दारात थांबली की आम्ही झोपेतून उठून चहा ठेवतो, आणि पैसे घेत नाही. आमचं एवढंच म्हणणं आहे की यजमानाला न विचारता पंगत मांडू नका.

म्हणून शेवटची विनंती. पुढचा आराखडा करायच्या आधी एकदा या. ऑगस्टमध्ये नको, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात या. सरकारी गाडी बीडला ठेवा आणि एसटीनं या. दुपारी बाराला चौसाळ्यात उतरा. सोबत आपल्या घरातली एखादी बाईमाणूस असू द्या. कपिलधारला जाऊ, एखाद्या टँकरच्या वस्तीवर जाऊ, सौताड्याचा कोरडा कडा पाहू. पाणी बाटलीतलं आणलंत तरी चालेल, फक्त रिकामी बाटली परत न्या. जेवण माझ्याकडं. आणि येताना तेवढं एक शोधून या : त्या कुलपाची किल्ली कुणाकडं आहे.

आपला नम्र,
जुन्या रस्त्यावरचा एक हॉटेलवाला
मु. पो. चौसाळा, ता. जि. बीड